डायनॅमिक्स सीआरएम: कुठल्याही टेबलच्या रेकॉर्डवर चालणारी एकच वर्कफ्लो अॅक्टिव्हिटी कशी लिहायची

डायनॅमिक्स सीआरएम म्हणजे मायक्रोसॉफ्टची ग्राहकांच्या नोंदी ठेवणारी सिस्टीम, वर्कफ्लो म्हणजे तिच्यात आपोआप चालणाऱ्या स्टेप्सची मालिका, आणि कस्टम वर्कफ्लो अॅक्टिव्हिटी म्हणजे त्यात घालायची आपण कोडमध्ये लिहिलेली स्टेप. अशी एक अॅक्टिव्हिटी अकाउंटसाठी लिहिली, मस्त चालली, आणि पंधरा दिवसांनी फंक्शनलवाले (गरजा ठरवणारी टीम) येऊन म्हणतात हेच आता काँटॅक्टवर पण पाहिजे, मग केसवर, मग ते नवीन साइट व्हिजिटचं टेबल बनवलंय त्यावर पण. आपण काय करतो, तोच क्लास कॉपी करतो आणि वरचं टेबलचं नाव बदलतो. सहा महिन्यांनी एकाच लॉजिकच्या सहा कॉप्या झालेल्या असतात, एकीत बग सुधारला तरी बाकीच्या पाचात तो तसाच जिवंत, आणि नवीन आलेल्या पोराला कळतच नाही की खरी कॉपी कुठली. हे टाळता येतं, आणि त्यासाठी काही जगावेगळं करावं लागत नाही, फक्त रेकॉर्ड कुठल्या टाइपचा आहे हे कोडमध्ये गृहीत धरायचं सोडून सिस्टीमलाच विचारायची सवय लावावी लागते.

उदाहरण म्हणून एक साधी अॅक्टिव्हिटी घेऊ. तिला तीन गोष्टी द्यायच्या: कुठला रेकॉर्ड, कुठलं फील्ड, आणि काय व्हॅल्यू. तिने ती व्हॅल्यू त्या फील्डमध्ये लिहायची, मग टेबल कुठलंही असो. ऐकायला दहा मिनिटांचं काम वाटतं पण यात सगळे खड्डे येतात, म्हणूनच हे उदाहरण घेतलंय. मायक्रोसॉफ्ट आता बॅकग्राउंड वर्कफ्लोऐवजी (सेव्ह झाल्यावर मागाहून चालणारे) पॉवर ऑटोमेट हे त्यांचं ऑटोमेशनचं टूल वापरा असं सांगतं, नवीन काम असेल तर तो विचार जरूर करा, पण जुन्या सिस्टीम्समध्ये हे वर्कफ्लो अजून शेकड्याने चालू आहेत आणि रिअल-टाइम वर्कफ्लो (सेव्ह होतानाच चालणारे) तर रोजच्या वापरात आहेत, त्यामुळे हे आलंच पाहिजे.

आधी बघा, खरंच गरज आहे का

वर्कफ्लो ज्या रेकॉर्डवर चालतोय त्याच रेकॉर्डवर काम करायचं असेल तर काहीच करायची गरज नाही. वर्कफ्लो काँटेक्स्टमध्ये (चालू रनची माहिती देणारा ऑब्जेक्ट) प्रायमरी एन्टिटी नेम आणि प्रायमरी एन्टिटी आयडी या दोन प्रॉपर्टीज असतात, एन्टिटी म्हणजे टेबलच, त्यात टेबलचं नाव आणि रेकॉर्डचा आयडी आयता मिळतो. मी कितीतरी प्रोजेक्टमध्ये बघितलंय की लोक इनपुट मागतात आणि त्यात परत तोच रेकॉर्ड भरतात. ते इनपुट काढून टाका, अॅक्टिव्हिटी आपोआप सगळ्या टेबलांवर चालायला लागते.

दुसरी सोपी केस म्हणजे असा लुकअप (दुसऱ्या रेकॉर्डकडे बोट दाखवणारं फील्ड) ज्यात दोन-तीन टाइप येऊ शकतात. केसवरचा कस्टमर हा अकाउंट किंवा काँटॅक्ट असतो, ओनर हा युजर किंवा टीम, रिगार्डिंगमध्ये (ही नोंद कशाबद्दल आहे ते सांगणारा लुकअप) तर डझनभर टेबलं. कोडमध्ये केसचा रेकॉर्ड वाचून ते फील्ड काढलंत की जो एन्टिटी रेफरन्स मिळतो त्यात आयडीसोबत लॉजिकल नेम (कोडमध्ये वापरायचं टेबलचं नाव) पण असतं, म्हणजे टाइप त्याच्या कपाळावरच लिहिलेला आहे. तो वाचा आणि पुढे जा, इफ-एल्सची शिडी नको.

आणि टेबलं खरंच दोनच असतील आणि दोनच राहणार असतील तर सरळ दोन ऐच्छिक इनपुट ठेवा, एक अकाउंटचा, एक काँटॅक्टचा, जो भरलेला असेल तो वापरा. यात काही कमीपणा नाही, वर्कफ्लो बनवणाऱ्याला ते जास्त कळतं. पुढची सगळी पद्धत आहे ती टेबलं किती असतील हे माहीतच नाही अशा वेळेसाठी.

अडचण नेमकी कुठे आहे

अॅक्टिव्हिटीच्या इनपुटला ठरावीक टाइपच चालतात: स्ट्रिंग, पूर्णांक, डेसिमल, डबल, बूलियन, तारीख, मनी, ऑप्शन सेट (ठरावीक पर्यायांची यादी) आणि एन्टिटी रेफरन्स. यातल्या एन्टिटी रेफरन्सवर रेफरन्स टार्गेट नावाचं अॅट्रिब्यूट लावावंच लागतं आणि त्यात एकाच टेबलचं नाव देता येतं. कुठलंही टेबल चालेल असं लिहायची सोयच नाही. मग रेकॉर्ड आत पाठवायचा कसा?

वाट स्ट्रिंगमधून आहे. वर्कफ्लोच्या डिझायनरमध्ये सेट प्रॉपर्टीज उघडलं की उजवीकडच्या फॉर्म असिस्टंटमध्ये कुठलंही टेबल निवडता येतं, आणि त्याच्या फील्डांच्या यादीत रेकॉर्ड यूआरएल डायनॅमिक नावाची एक एन्ट्री असते. लोक ती ईमेलमध्ये लिंक टाकायला वापरतात. पण त्या लिंकमध्ये रेकॉर्डचा आयडी असतो आणि टाइपपण असतो, म्हणजे आपल्याला हवं ते सगळं. म्हणून रेकॉर्डचं इनपुट स्ट्रिंग ठेवायचं, त्याला रिक्वायर्ड करायचं, आणि त्याचं नाव नुसतं रेकॉर्ड न ठेवता रेकॉर्ड यूआरएल डायनॅमिक असंच ठेवायचं. स्टेप भरणाऱ्याला त्या यादीतून नेमकं काय उचलायचंय ते नावावरूनच कळतं, वेगळं डॉक्युमेंट लागत नाही.

एक लक्षात ठेवा, केसच्या वर्कफ्लोमध्ये कस्टमरची लिंक घ्यायची असेल तर यादीत कस्टमर अकाउंट आणि कस्टमर काँटॅक्ट असे दोन वेगळे पर्याय दिसतात. चुकीचा निवडला तर लिंक रिकामी येते. तेव्हा रिकामी स्ट्रिंग ही अपवाद नाही, रोज येणारी गोष्ट आहे असं समजूनच कोड लिहा.

लिंक सोडवणे

लिंक साधारण अशी असते: सुरुवातीला ऑर्गनायझेशनचा पत्ता, मग मेन डॉट एएसपीएक्स, प्रश्नचिन्ह, आणि त्यापुढे जोड्या. एका जोडीत ईटीसी बरोबर १, दुसरीत आयडी बरोबर तो लांबलचक ग्विड (रेकॉर्डचा युनिक आयडी), आणि अजून दोन-तीन आपल्या कामाच्या नसलेल्या. ईटीसी म्हणजे एन्टिटी टाइप कोड. अकाउंटचा १, काँटॅक्टचा २, ऑपॉर्च्युनिटीचा ३, लीडचा ४, युजरचा ८, केसचा ११२.

इथे लोक सबस्ट्रिंग लावून मोजून अक्षरं कापतात. कृपा करून हे करू नका. जोड्यांचा क्रम कायम तोच राहील याची खात्री नाही, आणि आयडी कधी महिरपी कंसात येतो, कधी तोच कंस टक्का सात बी असा एनकोड होऊन येतो. प्रश्नचिन्हानंतरचा भाग घ्या, अँडच्या चिन्हावर तोडा, प्रत्येक तुकडा पहिल्या बरोबरच्या चिन्हावर तोडा, डावी बाजू लहान अक्षरांत करा, उजवी बाजू यूआरआय क्लासच्या अनएस्केप डेटा स्ट्रिंगमधून काढा, आणि एका डिक्शनरीत भरा. आयडीला ग्विडचं ट्राय पार्स लावा, ते कंसासकट आणि कंसाशिवाय दोन्ही नीट वाचतं. लिंकमधल्या सर्व्हरच्या पत्त्याकडे बघूसुद्धा नका, तो आपल्याला लागत नाही.

अजून एक, नवीन इंटरफेसमध्ये ब्राउझरच्या पट्टीतून कॉपी केलेल्या लिंकमध्ये ईटीसीऐवजी ईटीएन असतं आणि त्यात थेट टेबलचं लॉजिकल नेम असतं. कुणीतरी टेस्टिंगला तशी लिंक चिकटवणारच, म्हणून आधी ईटीएन आहे का बघा, असेल तर पुढची पायरी अर्धी वाचली, नसेल तर ईटीसी.

कोडवरून नाव

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. आपल्याला पुढे सगळीकडे लॉजिकल नेम लागणार, आणि हातात आहे नंबर. मोह होतो की एक स्विच लिहावा, १ असेल तर अकाउंट, २ असेल तर काँटॅक्ट. स्टँडर्ड टेबलांना ते चालूनही जातं. पण कस्टम टेबलांचे कोड १०००० च्या पुढे असतात आणि ते प्रत्येक एन्व्हायर्नमेंटमध्ये वेगळे असू शकतात, कारण टेबल ज्या क्रमाने तिथे आलं त्याप्रमाणे नंबर मिळतो. सोल्युशनबरोबर (बदल एका एन्व्हायर्नमेंटमधून दुसऱ्यात नेण्याचं पॅकेज) तो नंबर जात नाही.

हे मी स्वतः करून बसलोय. सुरुवातीच्या काळात एका क्लायंटच्या कामात मी साइट व्हिजिटच्या टेबलचा कोड स्विचमध्ये लिहिला होता, डेव्हलपमेंटमध्ये बघून. यूएटीवर (युजरच्या टेस्टिंगचं एन्व्हायर्नमेंट) पण योगायोगाने तोच नंबर होता म्हणून टेस्टिंग पास झालं. प्रॉडक्शनमध्ये त्या नंबरवर दुसरंच टेबल होतं, त्यामुळे कोड भलत्याच टेबलमध्ये तो आयडी शोधायला जायचा आणि असा रेकॉर्ड नाही म्हणून पडायचा. वर्कफ्लो बॅकग्राउंडचा असल्यामुळे स्क्रीनवर कुणालाच काही दिसलं नाही, सिस्टीम जॉब्समध्ये लाल ओळी साचत गेल्या आणि फील्डवर जाणाऱ्या माणसांच्या भेटींची स्थिती अनेक दिवस अपडेटच झाली नाही. त्या माणसांना उगाच फोन करून करून विचारलं गेलं. तेव्हापासून टाइप कोड मी कोडमध्ये कधीच लिहीत नाही, स्टँडर्ड टेबलाचासुद्धा नाही.

बरोबर पद्धत अशी: रिट्रीव्ह मेटाडेटा चेंजेस रिक्वेस्ट वापरायची (मेटाडेटा म्हणजे टेबलं नि फील्डांबद्दलची माहिती). तिच्यात एन्टिटी क्वेरी एक्स्प्रेशन असतं, त्याच्या फिल्टरमध्ये ऑब्जेक्ट टाइप कोड बरोबर आपला नंबर अशी एक अट घाला (ईटीएन मिळालं असेल तर लॉजिकल नेमची अट), आणि प्रॉपर्टीजमध्ये फक्त तीन नावं मागा: लॉजिकल नेम, प्रायमरी आयडी अॅट्रिब्यूट आणि प्रायमरी नेम अॅट्रिब्यूट. उत्तरात एकच टेबल यायला पाहिजे, शून्य आलं तर स्वच्छ शब्दांत एरर द्या. रिट्रीव्ह ऑल एन्टिटीज नावाची रिक्वेस्ट दिसेल, तिच्या वाटेला जाऊ नका, एका नावासाठी ती अख्ख्या ऑर्गनायझेशनची माहिती ओढून आणते आणि सँडबॉक्समध्ये (आपला कोड ज्या बंदिस्त जागेत चालतो ती) आपल्याला एकूण २ मिनिटंच मिळतात.

प्रायमरी आयडी का मागायचा? कारण टेबलच्या नावापुढे आयडी जोडलं की झालं असं सगळ्यांना वाटतं, अकाउंटला अकाउंटआयडी, काँटॅक्टला काँटॅक्टआयडी. पण टास्क, ईमेल, फोन कॉल या सगळ्या अॅक्टिव्हिटीजचा (सीआरएममधल्या कामांच्या नोंदी, आपली वर्कफ्लो अॅक्टिव्हिटी नव्हे) आयडी असतो अॅक्टिव्हिटीआयडी. क्वेरीत नाव स्वतः जोडून बनवलंत तर पहिल्याच टास्कवर कोड पडतो. तसंच नावाच्या फील्डचं, अकाउंटला नेम, काँटॅक्टला फुलनेम, टास्कला सब्जेक्ट, केसला टायटल. विचारलं की कळतं, अंदाज कशाला बांधायचा.

हे उत्तर कॅश करावं, म्हणजे साठवून ठेवावं का? एका रनमध्ये लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवा, पुरतं. दिवसाला हजारोंनी रन होत असतील तर स्टॅटिक काँकरंट डिक्शनरी चालेल, पण कीमध्ये ऑर्गनायझेशनचा आयडी आणि टाइप कोड दोन्ही घ्या. क्लासच्या साध्या फील्डमध्ये मात्र काहीही साठवू नका, प्लॅटफॉर्म तोच ऑब्जेक्ट परत वापरतो आणि एका रनची माहिती दुसऱ्यात घुसते, असला बग शोधायला आठवडा जातो.

फील्डची चौकशी

रेकॉर्ड कुठल्या टेबलचा हे कळलं, आता फील्ड. फील्डचं नाव स्ट्रिंग म्हणून येतं, ते ट्रिम करून लहान अक्षरांत करा कारण लॉजिकल नेम नेहमी लहान अक्षरांत असतं आणि लोक मोठी अक्षरं असलेलं स्कीमा नेम टाकतात. मग रिट्रीव्ह अॅट्रिब्यूट रिक्वेस्टने त्या फील्डचा मेटाडेटा घ्या. त्यात दोन गोष्टी बघायच्या, अॅट्रिब्यूट टाइप आणि इज व्हॅलिड फॉर अपडेट. दुसरी खोटी असेल तर तिथेच थांबा.

व्हॅल्यू बदलणे, इथे खरी मेहनत

आपल्याकडे व्हॅल्यू स्ट्रिंग आहे आणि सीआरएमला नेमका टाइप हवा असतो, ऑप्शन सेटला नुसता आकडा दिला तर इनकरेक्ट अॅट्रिब्यूट व्हॅल्यू टाइप म्हणून तो तोंडावर फेकतो. म्हणून अॅट्रिब्यूट टाइपवर एक स्विच, आणि हा स्विच योग्य आहे कारण टाइपांची यादी प्लॅटफॉर्मची आहे, प्रत्येक गिऱ्हाइकाकडे वेगळी नाही. व्हॅल्यू रिकामी असेल तर सरळ नल द्या, फील्ड पुसलं जातं.

साध्या टेक्स्टला फक्त लांबी तपासा, मॅक्स लेंग्थ मेटाडेटात असते. मनीसाठी डेसिमल काढून मनीच्या ऑब्जेक्टमध्ये घाला. बूलियनला ट्रू-फॉल्स, १-० आणि वाटलं तर हो-नाही पण स्वीकारा.

आकड्यांचं मात्र आपल्याकडे जरा सांभाळा. फॉर्मवरच्या टेक्स्ट फील्डमध्ये कुणी देवनागरीत १२५ टाइप केलं असेल तर डॉट नेटचं इंट पार्स ते वाचत नाही, त्याला इंग्रजी अंकच लागतात. आणि गंमत नाही, खरा त्रास असा की रेजेक्समधलं (पॅटर्नने मजकूर तपासायची पद्धत) बॅकस्लॅश डी देवनागरी अंकांनाही अंकच मानतं, म्हणजे तुमची तपासणी पास होते आणि पुढच्याच ओळीत कोड पडतो. उपाय सोपा आहे, प्रत्येक अक्षर कॅर युनिकोड इन्फोच्या गेट डेसिमल डिजिट व्हॅल्यूमधून काढायचं, शून्य ते नऊ आलं तर तो अंक लावायचा, उणे एक आलं तर मूळ अक्षर तसंच ठेवायचं. दुसरं, १,५०,००० असा लाखाचा स्वल्पविराम. डेसिमल पार्सला इनव्हेरियंट कल्चर दिलं तर तो स्वल्पविराम दशांश चिन्हाच्या आधी अंकांमध्ये कुठेही असला तरी चालतो, पण इंट पार्स नुसतं वापरलं तर स्वल्पविराम बघून पडतं, त्याला अलाउ थाउजंड्स वेगळं सांगावं लागतं.

तारीख ही सगळ्यात वाईट. वर्कफ्लो तारखेची स्ट्रिंग बनवतो ती युजरच्या फॉरमॅटमध्ये, त्यामुळे ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे हे स्ट्रिंग बघून सांगताच येत नाही. माझं मत स्पष्ट आहे, तारखेसाठी तारखेच्या टाइपचं एक वेगळं ऐच्छिक इनपुट ठेवा, आणि स्ट्रिंगमधून घ्यायचीच असेल तर फक्त वर्ष-महिना-दिवस हाच एक फॉरमॅट पार्स एक्झॅक्टने घ्या, बाकी सगळं नाकारा. तास-मिनिटांचा घोळ वेगळाच: पुण्यातल्या युजरने युजर लोकल प्रकारच्या फील्डमध्ये १५ ऑगस्ट टाकलं तर डेटाबेसमध्ये १४ ऑगस्ट संध्याकाळी साडेसहा पडतं, कारण आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. एका रेकॉर्डवरून तारीख वाचून दुसऱ्यावर लिहीत असाल आणि मध्ये नुसता तारखेचा भाग कापलात तर एक दिवस गेलाच. फील्डचं डेट टाइम बिहेविअर बघा, आणि युजर लोकल असेल तर लोकल टाइम फ्रॉम यूटीसी टाइम रिक्वेस्टने बदलून घ्या.

ऑप्शन सेटला आकडा आणि लेबल दोन्ही येऊ शकतं. आकडा असेल तर तो मेटाडेटातल्या यादीत आहे का बघून ऑप्शन सेट व्हॅल्यू बनवा. लेबल असेल तर शोधता येतं, पण ते युजरच्या भाषेप्रमाणे बदलतं आणि उद्या अॅडमिनने एक शब्द सुधारला की वर्कफ्लो बंद, म्हणून मी आकड्याचाच आग्रह धरतो.

लुकअपची व्हॅल्यू परत एक रेकॉर्ड, म्हणजे परत एक डायनॅमिक लिंक. आपण वर लिहिलेला पार्सर इथे जसाच्या तसा वापरा, फक्त मिळालेलं टेबल त्या लुकअपच्या टार्गेट्समध्ये आहे का ते बघा.

स्टेटस आणि स्टेट या दोन फील्डांना मी या अॅक्टिव्हिटीत चक्क नकार देतो. स्टेटस रीझन त्या स्टेटला चालणारा असावा लागतो, आणि केस रिझॉल्व्ह करायला तर क्लोज इन्सिडेंट ही वेगळीच रिक्वेस्ट लागते, साध्या अपडेटने होत नाही. ते काम वर्कफ्लोच्या स्वतःच्या चेंज स्टेटस स्टेपला करू द्या.

लिहिणे आणि पडणे

अपडेट करताना वाचलेला रेकॉर्ड परत पाठवू नका. लॉजिकल नेम आणि आयडी देऊन कोरा एन्टिटी ऑब्जेक्ट बनवा, त्यात एकच फील्ड भरा आणि अपडेट करा. नाहीतर न बदललेली फील्ड्सपण अपडेटमध्ये जातात आणि त्यांच्यावर बसलेले दुसरे वर्कफ्लो नि प्लगइन विनाकारण पेटतात. हाच वर्कफ्लो त्याच फील्डच्या बदलावर चालत असेल तर लूप होतो, काँटेक्स्टमधला डेप्थ (एकातून एक किती वेळा चाललंय तो आकडा) तपासा आणि व्हॅल्यू आधीच तीच असेल तर अपडेट करूच नका.

सर्व्हिस (सीआरएमशी बोलणारा ऑब्जेक्ट) ही काँटेक्स्टमधल्या युजर आयडीने बनवा. नल देऊन सिस्टीमच्या अधिकाराने चालवणं सोपं पडतं, पण ही अॅक्टिव्हिटी कुठल्याही टेबलच्या कुठल्याही फील्डवर लिहू शकते, तिला सगळे अधिकार देणं म्हणजे घराची किल्ली दारालाच लटकवणं.

एरर सांभाळण्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. रिअल-टाइम वर्कफ्लो ट्रान्झॅक्शनमध्ये चालतो, तिथे अपडेट फसलं आणि तुम्ही ट्राय-कॅचने ती चूक गिळलीत तरी ट्रान्झॅक्शन मेलेलंच असतं, पुढची स्टेप पडणारच आणि ती भलताच मेसेज देऊन पडते. म्हणून सगळी तपासणी अपडेटच्या आधी मेटाडेटावर करून घ्यायची. तपासणीत सापडलेली चूक झालं-का आणि कारण अशा दोन आउटपुटमधून बाहेर द्या म्हणजे वर्कफ्लोत पुढे अट लावता येते, आणि अपडेटमधूनच एरर आली तर इनव्हॅलिड प्लगइन एक्झिक्यूशन एक्सेप्शन टाकून सरळ पडू द्या. प्रत्येक पायरीवर ट्रेसिंग सर्व्हिसला एक ओळ द्या: आलेली लिंक, कोड, सापडलेलं टेबल, फील्डचा टाइप, बनलेली व्हॅल्यू.

रजिस्टर करताना असेंब्ली साइन केलेली आणि डॉट नेट फ्रेमवर्क ४.६.२ ची ठेवा, प्लगइन रजिस्ट्रेशन टूलमध्ये वर्कफ्लो अॅक्टिव्हिटी ग्रुप नेम भरा. पुढे इनपुट बदलायचे झाले तर व्हर्जनचा पहिला किंवा दुसरा आकडा वाढवा, मग जुने वर्कफ्लो जुन्या व्हर्जनवर शांत चालत राहतात. नुसता बग सुधारला असेल तर शेवटचे आकडे बदला, ते जागच्या जागी अपडेट होतं.

टेस्ट कशावर करायचं

अकाउंटवर चाललं म्हणून थांबू नका, ते सगळ्यात सोपं टेबल आहे. एक टास्क घ्या, एक रिकामी लिंक द्या, ब्राउझरमधून कॉपी केलेली एक लिंक द्या, आणि लुकअपमध्ये मुद्दाम चुकीच्या टेबलचा रेकॉर्ड द्या. मग एक कस्टम टेबल घ्या आणि तोच वर्कफ्लो दोन वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये चालवा, सेटिंग्जमध्ये प्लगइन ट्रेस लॉग ऑल वर ठेवून. दोन्हीकडचे ट्रेस शेजारी शेजारी उघडा आणि ईटीसीची ओळ बघा. एकीकडे १००३१ असेल, दुसरीकडे १००४४, आणि त्याखालच्या ओळीत दोन्हीकडे साइट व्हिजिटचं एकच लॉजिकल नेम आलेलं असेल. तिथे आकडे सारखेच निघाले तर ती टेस्ट झालीच नाही असं समजा आणि तिसरं एन्व्हायर्नमेंट शोधा.